आंब्यावर कललेला लिंब

चिमाबाईच्या आंब्याला अकराव्या वर्षी सतरा कैऱ्या लागल्या, आणि नेमकी त्याच वर्षी शेजारच्या कडुलिंबाला वाकायची बुद्धी झाली.

आंबा म्हणजे बाग वगैरे काही नव्हे. एकच झाड. मोडनिंबपासून दोन कोसांवर चिमाबाईचं रान. जमीन अशी, की टिकाव मारला तर ठिणगी उडावी. अकरा वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नात आमरसाची पंगत उठली तेव्हा चिमाबाईनं आचाऱ्याकडून एक कोय मागून घेतली, पदराच्या गाठीला बांधून आणली आणि ह्या मुरमात पुरली. सगळं शिवार हसलं. सगळ्यात जास्त हसला तो तिचा नवरा ज्ञानबा. तीस शेळ्या, दहा मेंढरं आणि एक तोंड, एवढी ह्या गड्याची इस्टेट. त्यातलं तोंड दिवसभर चालू.

"मुरमात आंबा?" तो म्हणाला होता, "मग मी बी शेळ्यास्नी अंडी घालायला लावतो."

चिमाबाईनं रोज एक कळशी पाणी घातलं. दुष्काळात टँकरची वाट बघायची पाळी आली, तेव्हा भांडी विसळलेलं पाणी घातलं. शेळ्यांनी दोनदा शेंडा खाल्ला, दोनदा तो परत फुटला. आणि ह्या वर्षी मोहोर आला, टिकला, आणि सतरा कैऱ्या धरल्या. ती त्या रोज सकाळी मोजायची. सतराच भरायच्या, तरी मोजायची.

आता लिंबाचं. परतीच्या पावसात मागचा बांध वाहून गेला आणि लिंबाची पश्चिमेकडची मुळं उघडी पडली. झाड पुढं झुकायला लागलं, ते थेट आंब्यावर. चैत्र लागला तेव्हा बुंध्याच्या मागं जमिनीला अशी भेग पडली होती, की चिमाबाईची मूठ आत जायची. लिंब दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा जाड. वळवाचं पहिलं वारं सुटलं, की हा आंब्यावर जाऊन बसणार आणि अकरा वर्षांचा चुरा होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आठ दिवस चिमाबाई त्या लिंबाला येता-जाता शिव्या घालत होती. शिव्यांनी झाड सरळ होत नाही म्हटल्यावर तिनं पीरसाबला बोलावलं.

मोडनिंबच्या पीरसाबचं नाव पार पंढरपुरापर्यंत होतं. दोन घरांमधल्या बोळात उभी असलेली निलगिरी त्यानं भिंतीचा रंगसुद्धा न खरवडता खाली उतरवली होती. करवत त्याची, पण दोर त्याच्या बायकोचा. इमामबीनं मान हलवल्याशिवाय पीरसाबची मशीन चालू होत नसे. हे ज्यांना माहीत होतं, ते त्याला नाही, तिलाच आधी चहा देत.

दोघं बुधवारी संध्याकाळी झाड बघायला आली. ज्ञानबा शेळ्या घेऊन लांब माळावर गेला होता. इमामबीनं सुतळीला दगड बांधला, डोळ्यासमोर धरला आणि एक डोळा मिटून झाड किती कललंय ते बघत चहूबाजूंनी फिरली. मग पीरसाबच्या कानाशी काहीतरी बोलली.

"हे बघा वहिनी," पीरसाब म्हणाला, "पुढं तुमचा आंबा. उत्तरंला शेवगा आन् बोर. राहिली दक्षिण. हिरीचा कठडा आन् ती सीताफळं, ह्यांच्या मधी जागा हाय. आमी ह्याला तितं झोपवनार. तुमची वाघूर तेवढी हलवा."

वाघूर म्हणजे शेळ्या-मेंढरं कोंडायची जाळी. ती नेमकी त्याच जागेत ठोकलेली होती.

"पन ह्यो तर आंब्याकडं वाकलाय की! दक्षिणंला कसा जाईल?"

"जातोय की. मागच्या अंगाला ह्या तीन मोठ्या फांद्या हायत न्हवं, पाल्यानं भरलेल्या? त्यांचं वजन ह्याला मागं धरून ठेवतंय, म्हनून तर ह्यो अजून उभा हाय. त्यांच्या जोरावर आमी दोर लावून ह्याला वळवू. फकस्त ह्या तीन फांद्यांना कुनी हात लावू नगा. उद्या सकाळी येतो."

चिमाबाईनं मान डोलावली. हे ज्ञानबाला सांगायचं, असं तिच्या मनात पक्कं होतं.

पण ज्ञानबा दिवेलागणीला आला तोच तोंड चालवत. "पीरसाब येऊन गेला म्हनं! सतरा कैऱ्यांपायी केवढी वरात गं! उद्या कैऱ्यांस्नी हळद बी लावशील."

चिमाबाई भाकरी थापत होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिनं त्याला चार शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता. पण आठ दिवसांची धास्ती पोटात होती. तिनं थेट अबोला धरला. वाघूर हलवायचं तरी सांगायला हवं, म्हणून दारातल्या शेळीकडं तोंड करून म्हणाली, "तुमची वाघूर उद्या हलवायचीय. सांगा तुमच्या मालकाला." ज्ञानबाही शेळीलाच म्हणाला, "सांग, हलवतो म्हनून." तेवढ्यात भाकरी करपली. ती उलथण्याच्या नादात फांद्यांचं सांगायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही, रागानं गिळलं.

सकाळी आठला चिमाबाई कळशी घेऊन आंब्याकडं निघाली आणि बांधावरच तिचे पाय थांबले. लिंबाची मागची बाजू न्हाव्यानं हजामत केल्यागत साफ झाली होती. तिन्ही फांद्या जमिनीवर होत्या आणि त्यांच्यावर तीसच्या तीस शेळ्या तुटून पडल्या होत्या. शेजारी ज्ञानबा एका हातात लांब काठीची आकडी आणि दुसऱ्या हातात कोयता घेऊन, मोठं पुण्य केल्यासारखा उभा होता. वाघूरही त्यानं हलवून ठेवली होती.

"आवं, ह्ये काय केलंसा?" अबोला गेला उडत. चिमाबाईचा आवाज विहिरीत घुमून परत आला.

"काय केलं? झाड पडलं की सगळा पाला मातीत लोळनार. त्याच्या आदी जनावरांच्या तोंडात घातला. वाया कशाला घालवायचा?"

आता ह्यात त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? ऐन चैत्रात, माळावर काडी हिरवी नसताना, डोळ्यांसमोर हिरवागार लिंब आडवा व्हायचा आहे आणि शेळ्यावाला कोयता घरी ठेवून स्वस्थ बसलाय, असं सबंध माढा तालुक्यात कधी घडलेलं नाही.

पीरसाबचा टेम्पो आला तो ह्याच वेळी. तो खाली उतरला, झाडाकडं बघितलं, शेळ्यांकडं बघितलं आणि हळूच बांधावर बसला. इमामबीनं सुतळी धरली. दगड स्थिर व्हायच्या आतच ती म्हणाली, "गया. पूरा उधर गया."

"ज्ञानबा," पीरसाब म्हणाला, "काल रातभर मी गणित मांडलं हुतं. ते तुझ्या शेळ्यांनी खाल्लं रं."

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. ज्ञानबाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"मला कुनी सांगितलंच न्हाय," तो शेवटी म्हणाला.

चिमाबाईनं मान खाली घातली. "मी सांगनार हुते," ती पुटपुटली. रात्रीचा राग तिला आता फार महाग वाटायला लागला.

"पन मर्दा, काढायचाच हुता पाला, तर मागचाच का काढलास?" पीरसाबनं विचारलं. "पुढच्या अंगाचा काढला असतास तर तुझा सत्कार केला असता."

ज्ञानबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. "पुढं खाली आंबा हाय की," तो म्हणाला. "येखांदी डहाळी पडली असती त्याच्यावर. मागचाच पाला सोयीचा वाटला."

चिमाबाईनं त्याच्यासाठी तोंडभरून शिव्या तयार ठेवल्या होत्या. त्या तिथंच राहिल्या. कैऱ्यांच्या हळदीची थट्टा करणारा हा माणूस पहाटे उठून आंब्यावर काडीही पडू नये म्हणून जपून पाला काढत होता. ह्याच्यावर रागवावं तरी कसं, आणि न रागवावं तरी कसं, तिला कळेना.

तिनं जाऊन भेगेत हात घातला. काल मूठ जात होती, आज मनगट गेलं. आणि दक्षिणेकडं ढग चढत होते. दुपारनंतर वारं सुटणार हे तिथं सगळ्यांनाच दिसत होतं. आज सोडून देण्यात अर्थ नव्हता. आज लिंब माणसाच्या हातानं उतरला नाही, तर संध्याकाळी तो आपल्या मर्जीनं उतरणार होता.

पीरसाब उठला. त्यानं आधी एक जाड दोर लिंबाला उंचावर बांधला आणि मागच्या बाजूच्या बाभळीला ताणून आवळला, म्हणजे झाड आणखी पुढं जाणार नाही. मग तो म्हणाला, "मागचं वजन गेलं, आता पुढचं बी उतरवायचं. आंब्यावरच्या एकेक फांदीला दोर लावायचा, कापायची, आन् दोरावर अलगद खाली घ्यायची. पन तितं चढायला मानूस हलका पायजे. मी गेलो तर फांदीच्या आदी मीच आंब्यावर."

पीरसाबकडं बघून हे कुणालाच खोटं वाटलं नाही.

"मी चढतो," ज्ञानबा म्हणाला.

"तुमी?" चिमाबाई म्हणाली. "साठी उलटली तुमची."

"साठ वर्सं झाडावरच गेली. माळावरचं कुठलं झाड हाय मी डहाळी न काढलेलं?"

खरं होतं ते. अंगानं वाळल्या काटकीसारखा हा माणूस, पण झाडावर चढला की खार. पीरसाबनं त्याच्या कमरेला दोर बांधला, तीनदा ओढून बघितला, आणि ज्ञानबा आकडी-कोयत्यासकट वर गेला.

पुढचे तीन तास त्या रानात जी धांदल चालली, ती सोलापूरच्या नव्या पेठेच्या बाजारात सणाच्या आदल्या दिवशीही चालत नसेल. ज्ञानबा फांदीला दोर बांधायचा. तो दोर वरच्या बेचक्यातून खाली येऊन बुंध्याला वेढे घेत इमामबीच्या हातात. ती वीत वीत सोडायची. फांदीच्या टोकाला दुसरा बारीक दोर, तो चिमाबाईच्या हातात. फांदी आंब्यावर न जाता बाजूला यावी म्हणून तिनं लांब उभं राहून ओढायचं. म्हणजे ज्ञानबाच्या हातातला कोयता आणि चिमाबाईच्या हातातला दोर, दोघांचं एकमत झाल्याशिवाय एकही फांदी खाली येणार नव्हती. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, तरी असा प्रसंग दोघांवर आला नव्हता.

"सोडू का?"

"सोडू नगा! आदी डावीकडं!"

"कुनाच्या डावीकडं? तुझ्या का माझ्या?"

"आंब्याच्या!"

"आंब्याला तोंड कुटं असतंय गं?"

"कैऱ्या हायत तितं त्याचं तोंड! आता सोडा!"

इमामबी हसून हसून दोर सोडत होती. पीरसाब खालून ओरडत होता, "भांडा, पन हळू भांडा!" फांद्या एकेक करून खाली येत होत्या आणि शेळ्या एकेक करून त्यांच्याकडं धावत होत्या. त्यांच्या दृष्टीनं इतका चांगला दिवस उगवलाच नव्हता.

शेवटची फांदी सगळ्यात मोठी, आणि आंब्याच्या बरोबर डोक्यावर. ज्ञानबानं ती अर्धी कापली, तेव्हा ती कटकन मोडून वळली आणि तिचा शेंडा सरसरत आंब्याच्या टोकावर जाऊन टेकला. पानं सळसळली. दोन कैऱ्या देठासकट गरगरल्या.

"रुको!" पीरसाब ओरडला. इमामबीनं दोर जागच्या जागी धरला.

चिमाबाईनं दोर ओढला तर शेंडा आंब्याच्या डहाळ्यांतून फरफटत येणार, नाही ओढला तर फांदी तिथंच बसणार. कुणी काही बोलायच्या आत ज्ञानबा बुंध्यावर पोटावर आडवा झाला, पायांची कैची मारली आणि आकडी खाली सोडली. रोज उंचावरची डहाळी खाली ओढायची ती आकडी. आज त्यानं ती खालच्या डहाळीत अडकवली आणि वर उचलली. शेंडा आंब्यावरून वीतभर उठला.

"आता वड, चिमे! आकडी निसटतीय, बिगी बिगी वड!"

तिनं ओढलं. इमामबीनं सोडलं. फांदी आंब्याला वळसा घालून खाली उतरली आणि जमिनीवर टेकली. चिमाबाई धावत जाऊन कैऱ्या मोजायला लागली. सोळा भरल्या. तिचा चेहरा उतरला. परत मोजल्या, तेव्हा पानाआड लपलेली एक सापडली.

"सतरा!" ती ओरडली. वरून ज्ञानबा म्हणाला, "मग मी आता उतरू का हितंच राहू?"

पुढचं काम पीरसाबचं. आता झाडाला तो हट्टी कल राहिला नव्हता. मागचा दोर बाभळीला धरून होता. दुसरा दोर दक्षिणेकडं चिंचेला लावलेल्या साखळीच्या कप्पीतून इमामबीच्या हातात होता. ती साखळी ओढली की दोर बोट बोट आवळत जायचा. पीरसाबनं दक्षिणेच्या अंगाला बुंध्यात खाच घेतली, मग उलट्या बाजूनं मशीन लावली. आरपार कापायचं नाही. मधे चार बोटं लाकूड ठेवायचं, दाराच्या बिजागरीसारखं. त्या बिजागरीवर झाड वळतं, आणि जिकडं वळवायचं तिकडंच वळतं. त्यानं कापात पाचर ठोकली. इमामबीनं झाडाकडं बघितलं, सुतळीकडं बघितलं आणि मान हलवली.

साखळी खडखडली. लिंब आधी जरासा कुरकुरला. मग सावकाश, एखादं वयस्कर माणूस खाटेवर अंग टाकतं तसा, विहिरीचा कठडा आणि सीताफळं ह्यांच्या मधे आडवा झाला. धूळ बसली तेव्हा सीताफळाचं एक पानसुद्धा दुमडलेलं नव्हतं.

मग काय विचारता! ज्ञानबानं पीरसाबला मिठी मारली. चिमाबाईनं इमामबीच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. चुलीवर चहा चढला. इमामबीनं मोबाईल काढून आडव्या लिंबाचा आणि उभ्या आंब्याचा फोटो घेतला. दक्षिणेकडचे ढग एव्हाना विरून गेले होते, आणि वारं आलंच नाही. पण त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

दुपारचे दोन झाले. चिमाबाई कपबशी हातात घेऊन आंब्याकडं बघत होती आणि तिच्या मनात काहीतरी खटकत होतं. झाड वेगळंच दिसत होतं. पानं चकाकत होती. सूर्य पश्चिमेकडं कलला होता आणि रखरखीत ऊन थेट कैऱ्यांवर येत होतं.

ह्या वेळचं ऊन आंब्यावर पडलेलं तिनं अकरा वर्षांत बघितलं नव्हतं. बघणार कुठून? ह्या वेळेला तिथं लिंबाची सावली असायची. मुरमात कोय रुजली, शेळ्यांनी खाल्लेला शेंडा परत फुटला, चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यांत रोप तगलं, हे सगळं आपल्या एका कळशीनं झालं असं ती समजत होती. तिनं आडव्या पडलेल्या लिंबाकडं बघितलं. आठ दिवस आपण ह्याला काय काय बोललो ते आठवून तिला फार लाज वाटली.

"भाऊ," ती पीरसाबला म्हणाली, "ह्याची सावली गेली की."

पीरसाबनं कप खाली ठेवला. "व्हय, वहिनी. ती काय दोर लावून वाचवता येत न्हाय. झाडाला सवय न्हाय ह्या उन्हाची. दोन-तीन उन्हाळं आडोसा करा, मग घेईल सोसून. कैऱ्या मातुर आत्ताच झाका, न्हायतर आठ दिवसांत करपून गळतील."

चिमाबाई पळत घरात गेली. पेटीतली जुनी लुगडी उपसली. एक फार विरलेलं, एक फार आखूड. जे सापडलं ते कवटाळून ती बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली.

ज्ञानबा आंब्याच्या पश्चिमेला उभा होता. आकडी त्यानं जमिनीत रोवली होती आणि डोक्याचा लाल पटका सोडत होता. देवासमोर सोडून हा माणूस कधी कुणासमोर बोडक्यानं उभा राहिला नव्हता. चिमाबाईनं स्वतःसुद्धा भर दिवसा त्याचं टक्कल फारदा बघितलं नव्हतं. तोंड रापून काळं झालेलं आणि वरचं डोकं पांढरंफेक. एक शेळी पाला खायची थांबून मालकाला ओळखायचा प्रयत्न करत होती. इमामबीनं शहाण्यासारखी पाठ फिरवून घेतली होती. ज्ञानबानं पटक्याचं एक टोक शेवग्याला बांधलं, बाकीचा वेढे देत आकडीवर ताणायला लागला, आणि लाल सावली एकेका कैरीवर सरकायला लागली.

"आवं," चिमाबाई जवळ येत म्हणाली, "लोकं बघतील."

"बघू दे की. पिकल्यावर हीच लोकं खायला येतील."

चिमाबाईला रडू आलं आणि हसूही आलं. तिनं दोन्ही येऊ दिलं. हातातली लुगडी खाली टाकली आणि पटक्याचं सुटं टोक धरलं.

"वर वडा जरा," ती म्हणाली, "खालच्या दोन उन्हातच राहिल्यात."